केळ्याचा कंडक्टर

देवाजी पुढे पाहतो आणि मी मागे पाहतो. आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. देवाजी बोटीचं स्टिअरिंग धरतो. मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसतो, आणि मागे दोराला बांधलेल्या हवेच्या केळ्यावर बसून जी माणसं किंचाळत असतात ती मोजत राहतो. पाच बसली होती, पाच आहेत. अजून पाच आहेत. आता चार आहेत, थांब! असं ओरडण्यासाठी मला पगार मिळतो हे सांगितलं की सोयरे हसतात. आमच्या बेगम तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तैरना आता नहीं, और चले पानी पे कंडक्टरी करने!"

हसण्यासारखंच काम आहे, मीही हसतच करतो. पण या कामात माझ्या जिभेमुळे एका मुलीचा हात जाता जाता राहिला. त्या हातावर तिची नोकरी अवलंबून होती. ती हकीकत सांगायलाच मी लिहायला बसलो आहे. आधी धंदा थोडा समजून घ्या, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल.

मी मूळचा एसटीच्या लाल गाडीचा कंडक्टर. चंद्रपूर, मूल, पोंभुर्णा, गडचिरोली या रस्त्यांवर माझी उमर गेली. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जादा गाड्या सुटत, तेव्हा गाडीत माणसं अशी कोंबलेली असत की मला तिकीट फाडायला हात वर काढता येत नसे. तरी कोण चढलं, कोण उतरलं, कोणाची म्हातारी खाली राहिली, हे मी न पाहता सांगायचो. डोकी मोजणे ही माझी एकमेव विद्या. ती विद्या रिटायर झाल्यावर कोणी विचारील असं वाटलं नव्हतं.

विचारलं ते पांडुभाऊनं. पांडुभाऊ म्हणजे मंडप आणि डीजेवाला. पोंभुर्ण्याच्या अंगाला जंगलात एक धरण आहे, तिथे त्याने बोटिंगचा ठेका घेतला होता. मला म्हणाला, "रफिकभाऊ, तुमाले फक्त पाहाचं आहे."

मी म्हटलं, "मले पोहता येत नाई, बाप्पा."

"पोहाचं कोण म्हणते? मी पाहाचं म्हणून राह्यलो. पोहाले देवाजी आहे."

एका मात्रेच्या फरकावर माझी नेमणूक झाली. देवाजी ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरचा, पाण्यातच वाढलेला. शाळेत असताना तो माझ्याच गाडीने जायचा आणि पासावरचा फोटो रोज नवीन माणसाचा वाटावा असे केस ठेवायचा. त्याने पहिल्या आठवड्यात मला काठाशी स्कूटरच्या ट्यूबमध्ये बसवून हातपाय मारायला शिकवलं. मी पोहायला शिकलो असं मी म्हणतो. देवाजी म्हणतो, "भाऊ बुडत नाई, एवढं झालं." तेव्हापासून मी लाइफ जॅकेट घालूनच जेवतो, असं तो लोकांना सांगतो. ते खोटं आहे. जेवताना मी पट्टे सैल करतो.

आता आमची खेळणी. एक लांब, पिवळं, पाच जण एकामागे एक घोड्यावर बसल्यासारखे बसतात, ते केळं. दुसरं गोल, त्यावर पालथं पडायचं, ती भाकर. दोन्ही हवेची, दोन्ही बोटीमागे दोराने ओढायची. लोकांना वाटतं हे पाळण्यासारखं आहे. पाळण्याला कळ असते, दाबली की थांबतो. केळ्याला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, डोकं तर नाहीच. बोट थांबली तरी केळं काही वेळ आपल्या मस्तीत येत राहतं. आणि बोट वळली की खरी गंमत. खळ्यावर मळणीला बैल ओळीने जुंपतात, तेव्हा खुंट्याजवळचा बैल सावकाश चालतो आणि कडेच्या बैलाला धावावं लागतं. केळं म्हणजे कडेचा बैल. देवाजी बोट आरामात वळवतो, पण दोराच्या टोकावरचं केळं दुप्पट वेगाने बाहेर फेकलं जातं. वरची माणसं उडतात. लोकांना तेच हवं असतं, "भाऊ, पाडा ना!" अशी फर्माईश असते.

पडायला हरकत नाही. कशावर पडता हा प्रश्न असतो. पुष्कळदा माणूस पाण्यावर न पडता दुसऱ्या माणसावर पडतो. गुडघा नाकावर, कपाळ कपाळावर. म्हणून लहानांना मोठ्यांच्या मधे बसवायचं नाही, ही माझी पहिली कटकट. आणि पाणी मऊ असतं हा दुसरा गैरसमज. बादलीतलं पाणी मऊ असतं. वेगात त्याच्यावर आपटलं की ते गावच्या पाटलासारखं वागतं, सरकत नाही. तिसरी भानगड आमच्या धरणाची खास. हे धरण जंगल बुडवून झालं आहे. खाली सागाच्या, येनाच्या झाडांचे खुंट अजून उभे आहेत. होळीनंतर पाणी उतरू लागलं की ते वर येतात, पण पूर्ण वर येत नाहीत, हातभर खाली दबा धरून राहतात. देवाजीचा बाप जाळं टाकताना कुठे काय अडकतं ते सांगायचा, तिथे आम्ही रिकामे डबे तरंगत बांधले. डब्यांच्या पलीकडे केळं न्यायचं नाही. पांडुभाऊची कुरकुर असे की फिरायला जागाच उरली नाही, डबेच दिसतात.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर तुमच्या मासिकाचा अख्खा अंक माझाच होईल. दोनच सांगतो.

एक रिटायर मुख्याध्यापक आले होते, नातेवाइकांच्या गराड्यात. मी नेहमीचं भाषण सुरू केलं. चष्मा काढा, अंगठ्या काढा, गळ्यातलं काढा. गुरुजी म्हणाले, "मी चाळीस वर्षं सूचना दिल्या, मले सूचना देऊ नका." बरं म्हटलं. दुसऱ्या वळणावर गुरुजी उडाले. देवाजीने बोट फिरवली, इंजिन बंद केलं, मी हात दिला. गुरुजी ठणठणीत, पण बोलताना नुसतं फू फू. तोंडातली कवळी धरणात गेली होती. गुरुजींचा आग्रह की ती काढून द्या. देवाजी म्हणाला, "गुरुजी, आता थे मासोळीच्या तोंडात बसली अशीन." तेव्हापासून माझ्या भाषणात कवळीचं कलम वाढलं. लोक हसतात आणि दोघेतिघे गुपचूप पाठ फिरवून खिशात काहीतरी टाकतात.

दुसरी जोडी लग्नाच्या आधीचं शूटिंग करायला आली होती. मुलीच्या अंगात जमिनीवर लोळणारा गाउन, त्याला मागे सात-आठ हात शेपूट. फोटोग्राफरला ते शेपूट पाण्यावर पसरलेलं हवं होतं आणि जोडी भाकरीवर. मी नाही म्हटलं. फोटोग्राफर म्हणाला, "काका, तुमाले आर्ट समजत नाई." मी म्हटलं, "बाबू, आर्ट नाई समजत, पंखा समजते." बोटीच्या बुडाखाली पंखा फिरतो. ओढणी, पदर, दोर, जे मिळेल ते तो गुंडाळतो, आणि त्यामागे जे असेल तेही ओढतो. म्हणून पडलेल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद, मग हात. आधी हात आणि मग इंजिन असं कधी करायचं नाही. शेवटी त्या जोडीने काठावर बांधलेल्या भाकरीवर बसून फोटो काढले आणि मागून मी बादलीने पाणी उडवलं. फोटो म्हणे फार गाजले. माझी बादली त्यात नाही.

असा मी नियमाचा माणूस. हे सगळं अशासाठी सांगितलं की पुढे जे झालं ते माहीत नसल्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये. मला सगळं माहीत होतं.

बोटीवर इंजिनाचा आवाज एवढा असतो की देवाजीला मागचं काही ऐकू येत नाही. लाल गाडीत बरं होतं, दोरी ओढली की घंटी. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. बोटीवर घंटी नव्हती, तर आम्ही शब्दावर भागवलं. माणसं नीट बसली, दोर ताणला, की मी देवाजीच्या कानाकडे तोंड करून ओरडायचो, "जाऊ दे!" हा माझा गाडीतला शब्द. दार आपटायचं आणि म्हणायचं, जाऊ दे. हजारो वेळा म्हटला असेल. देवाजी तर या शब्दावर वाढला, शाळेला जाताना रोज माझ्या तोंडून ऐकायचा. "जाऊ दे" कानावर पडलं की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. आम्हाला याचा अभिमान होता. पांडुभाऊ पाहुण्यांना सांगायचा, "या दोघाईचं ट्युनिंग पाहा."

एका रविवारी गडचिरोलीच्या भरती अकादमीतल्या पाच मुली आल्या. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर होती. सरांनी एक दिवस सुट्टी दिली होती, म्हणून फिरायला निघालेल्या. त्यात एक सविता. धानोऱ्याकडच्या गावची, गोंडाघरची मुलगी. अंगाने बारीक, पण दंड पाहून कळत होतं की गोळाफेकीत बाकीच्यांना भारी पडणार. जॅकेटचे पट्टे मी आवळत होतो तेव्हा तिने विचारलं, "काका, पडलं तं हातपाय तं नाई मोडत ना? माही मैदानी आहे."

रांग मोठी होती, दिवस चांगला होता, मी रंगात होतो. म्हणालो, "अवं बाई, पाणीच आहे. पाण्यावर पडून कोणाचं काय मोडते?"

मैत्रिणी हसल्या. तीही हसली आणि बसली. मी, ज्याने गुरुजींना भाषण दिलं, फोटोग्राफरला पंखा शिकवला, त्याने त्या एकाच मुलीला खोटं सांगितलं जिने मुद्दाम थांबून विचारलं होतं.

आणखी एक राहिलं. केळ्यावर धरायला पट्टे असतात. मुठीत धरायचे, मनगटाला गुंडाळायचे नाहीत, म्हणजे पडलं की सुटतात. मी हे ओरडून सांगतो, त्या दिवशीही सांगितलं. पण सविता शेतातली. बैलाचा कासरा मनगटाला एक वेढा देऊन धरायची तिची लहानपणापासूनची सवय. तिच्या हातांनी माझं ऐकलं नाही. माणसं बसल्यावर मी प्रत्येकाची मूठ पाहतो. त्या दिवशी चौघींच्याच पाहिल्या.

"जाऊ दे!" मी म्हटलं. देवाजीने सोडली.

पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्यावर केळं एका कडेवर कललं आणि उलटलं. चार मुली टपाटप पडल्या, नारिंगी जॅकेटं वर आली, एक, दोन, तीन, चार. पाचवी केळ्याला लटकलेली, उजवा हात पट्ट्यात पिळलेला, तोंड अर्धं पाण्यात. मागचा भार गेला हे देवाजीला दोरावरून कळतं. त्याने वेग कमी केला होता, इंजिनाचा आवाजही उतरला होता. सगळं नीट होत होतं. तेवढ्यात मी सविताला ओरडलो. पट्टा सोड म्हणून ओरडलो. जिवाच्या आकांताने, तोंडात जो शब्द आला त्याने.

"सोड वं! जाऊ दे! जाऊ दे त्याले!"

देवाजीने पूर्ण वेग दिला.

त्याची चूक नाही. मराठीतला हा शब्दच असा की हातातलं सोडायलाही तोच आणि गाडी सोडायलाही तोच. मला तो मुलीला सांगायचा होता, तो मिळाला ड्रायव्हरला. बोट उसळली, केळं उलटंच सुसाट निघालं आणि ती मुलगी एका हातावर पाण्यातून फरपटत आली. डेपोच्या गेटपासून डिझेलच्या पंपापर्यंत जेवढं अंतर, तेवढं, म्हणजे पन्नास-साठ पावलं. मी वळून देवाजीच्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा इंजिन थांबलं. नंतर देवाजी म्हणाला, "भाऊ, मले वाटलं तुमी जाऊ दे म्हणता म्हंजे सगळे बसले." पाच मुली पाण्यात आणि हा समजला सगळे बसले. माझ्या मोजणीवर एवढा भरवसा होता त्याचा.

देवाजीने उडी टाकून तिचा हात पट्ट्यातून काढला. ती रडली नाही. हात एका बाजूला भलताच लोंबत होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखी पाहत होती. गाडीत दवाखान्यापर्यंत तिने एकच विचारलं, "काका, तीन हप्त्यात होईन का ठीक?" मी होईल म्हटलं. त्या दिवशीचं माझं दुसरं खोटं.

खांदा निखळला होता, आतले स्नायू फाटले होते. डॉक्टरांनी बसवला, हात झोळीत टाकला आणि सांगितलं, काही महिने वजन उचलायचं नाही, गोळ्याचं तर नाव काढायचं नाही. संध्याकाळी तिचे आईबाप पोचले. पांडुभाऊ आणि मी हात जोडून उभे. बाप साधा माणूस, त्याने उलट आमचीच समजूत घातली, "जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं." त्याच्याही तोंडी तोच शब्द. आई सविताशी गोंडीत दोन वाक्यं बोलली, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "माह्या पोरीनं तुमाले विचारलं होतं."

एवढंच. चाळीस वर्षांत पब्लिकच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या, खडे मारलेले पाहिले. पण त्या बाईइतकं मला कोणी मारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी पांडुभाऊ म्हणाला, सुरू करू. मी म्हटलं, माझ्या अटीवर. "जाऊ दे" हा शब्द धरणावर बंद. काठावर चहा पितानाही नाही. आता मी लाल दुपट्टा घेऊन बसतो. दुपट्टा वर म्हणजे कोणीतरी पाण्यात आहे, इंजिनाचा वेग खाली. देवाजीच्या पुढ्यात भंगारातून आणलेला ट्रकचा आरसा लावला, त्यात माझा दुपट्टा दिसतो. आरसा लावला तेव्हा देवाजी म्हणाला, "मंग तुमची काय गरज राह्यली भाऊ?" मी म्हटलं, आरशाला डोकी मोजता येत नाहीत. निघण्याआधी मी प्रत्येकाची मूठ उघडून पाहतो, नवरदेव असो की साहेब. आणि कोणी विचारलं, "काही होत तर नाई ना?" तर मी सरळ सांगतो की होतं. दात पडतो, खांदा निखळतो, डोकं फुटतं. ऐकून निम्मे लोक उतरतात आणि पायडलची बोट घेतात. पांडुभाऊ कपाळाला हात लावतो, "रफिकभाऊ, तुमी गिऱ्हाईक चढवाले आहा का उतरवाले?" मी म्हणतो, कंडक्टरचं काम दोन्ही.

सविताची ती भरती गेली. मैत्रिणी मैदानावर धावल्या, ती काठावर झोळी बांधून उभी होती. पुढची भरती कधी निघेल ते सरकारलाही ठाऊक नसतं.

मंगळवारी आमची बोट बंद असते. एका मंगळवारी मी धानोऱ्याची गाडी धरली आणि तिच्या घरी गेलो. जाताना फळं नेली आणि माफीचं भाषण नेलं. "जोहार" म्हटलं, अंगणात बसलो. आईने आंबील पुढे ठेवलं, पण भाषण काही ऐकून घेतलं नाही. माझं अर्धं झालं तोच उठून शेण टाकायला गेली. सविता म्हणाली, "काका, आईले बोलणं नाई चालत. काम असन तं सांगा." मग मी विचारलं, काही काम आहे का. ती म्हणाली, "हात सुटला का गोळा फेकाचा आहे. आणून द्याले कोणी नाई."

अशा रीतीने साठी उलटलेला मी लोखंडी गोळ्याचा हमाल झालो. तिचा हात झोळीतून सुटल्यापासून दर मंगळवारी. गावाच्या कडेला मोकळं रान, एका टोकाला सविता, दुसऱ्या टोकाला मी आणि टेप. आधी ती नुसताच हात फिरवायची, मग रिकाम्या हाताने फेकायची, मग छोटा दगड. खरा गोळा हाती घेतला त्या दिवशी तो तिच्या पायापासून एवढा जवळ पडला की मला आणायला जावंच लागलं नाही. ती खाली बसली. मी म्हटलं, "बरं झालं, माहा गुडघा वाचला." ती हसली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

हळूहळू गोळा लांब पडू लागला आणि माझी धाव वाढली. पावसात रान चिखल होई, गोळा रुतून बसे, मी दोन्ही हातांनी उपसून काढी. "काका, उचलून आणा, घरंगळत नोका आणू, खराब होते," ती ओरडायची. पोलीस व्हायच्या आधीच हुकूम सोडायला शिकली होती. गावातले लोक विचारत, हा चंद्रपूरचा म्हातारा कोण. आई सांगायची, "कंडक्टर हाये. पोरीचा हात पाहाले येते." माझ्याशी ती अजूनही मोजकंच बोलायची. पण निघताना पिशवीत कधी चारोळी, कधी बांबूचे कोंब टाकू लागली. बेगम ते पाहून म्हणाल्या, "गुनाह आपका, और सब्ज़ी हमको!"

भरती निघाली. मैदानाच्या फाटकाबाहेर सकाळी थंडीत घरची माणसं उभी होती, त्यात सविताचे आईबाप आणि मी. आत काय चाललं ते दिसत नव्हतं. आई माझ्या शेजारीच उभी होती. मग म्हणाली, "तुमी आला, बरं झालं." मी मान खाली घातली. डोळे भरून आले ते तिला दिसू नयेत म्हणून टोपी नीट करत राहिलो.

सविता बाहेर आली ती घामाने भिजलेली. बापाने विचारलं, आईने विचारलं. सविताने कपाळ पुसलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुमाले आज गोळा आणाले लय दूर जा लागलं असतं."

यादीत नाव आलं. ट्रेनिंगला गेली. मी देवाजीला पेढा दिला आणि आम्ही दोघं काठावर बसून गाढवासारखे रडलो. पांडुभाऊ म्हणाला, "अबे, गिऱ्हाईक पाहून राह्यले."

मागच्या पावसाळ्यात ती सुट्टीवर आली होती, धरणावर आली. खाकी नव्हती अंगावर, पण चालण्यात होती. देवाजी म्हणाला, बस बोटीत, हळू फिरवतो. ती म्हणाली, नको. माझ्याजवळ बाकड्यावर बसली. चहा घेतला. घरचं, ट्रेनिंगचं, मेसच्या भाताचं बोलणं झालं. कप डाव्या हातात होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी तीच हळू आवाजात म्हणाली, "काका, पावसाळ्यात खांदा लय दुखते. बंदूक टेकवतो नं, नेमकी तिथीच. राती त्या कुशीवर झोपता येत नाई. कोणाले सांगू नोका. आईले तं नाईच."

मी सांगितलं नाही. बेगमला नाही, देवाजीला नाही. आज हे लिहिलं, कारण माणसाच्या पोटात किती दिवस राहणार. म्हणून वर लिहिलेलं नाव तिचं नाही. गाव धानोऱ्याकडचं नाही. हात उजवा लिहिला, तोही कदाचित डावा असेल. दुखणं मात्र खरं आहे, आणि ते माझ्यामुळे आहे.